पवईत पीकॉक बास सोडू नका

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ज्यांना गळाची हौस लागली, त्यांच्या स्वप्नातला मासा बहुतेकदा एकच असतो: पीकॉक बास. सोनेरी-हिरवं अंग, त्यावर काळे पट्टे, शेपटीवर मोरपिसासारखा डोळा आणि पाण्यावरच्या आमिषावर धडाक्यात पडणारी झडप. मुलुंड-अंधेरीहून मुंबईच्या पवई तलावावर येणाऱ्या हौशी माणसाला असा मासा हवासा वाटणं साहजिक आहे. पण तो इथे आणून सोडावा, या विचारामागचे समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

पहिला समज असा, की तलावात चिलापी (तिलापिया) माजली आहे आणि पीकॉक बास ती खाऊन टाकेल. याला आधार म्हणून फ्लोरिडाचं उदाहरण दिलं जातं. तिथल्या सरकारी मत्स्य खात्याने 1984 मध्ये चिलापी आटोक्यात ठेवायला हा मासा सोडला, हे खरं. पण तो सोडला माणसाने खोदलेल्या कालव्यांत, तेही बरीच वर्षं अभ्यास करून. शिवाय उत्तरेकडच्या थंडीत तो जगत नाही, त्यामुळे त्याच्या पसरण्याला आपोआप हद्द पडली. पवईचं पाणी तेवढं गार कधीच होत नाही.

पवईसाठी धडा घ्यायचा तर तो पनामाच्या गाटुन तलावाचा. पनामा कालव्यासाठी धरण बांधून केलेला हा तलाव. 1960च्या दशकाच्या शेवटी खासगी तळ्यात वाढवायला आणलेल्या पीकॉक बासपैकी काही मासे निसटून तिथे पोहोचले. 1973 मध्ये झारेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी काय घडलं ते मांडलं: पूर्वी मुबलक असलेल्या आठ स्थानिक जातींपैकी सहा जवळपास नाहीशा झाल्या होत्या. छोटे मासे गेले, तसे त्यांच्यावर जगणारे पाणपक्षीही कमी झाले. डासांच्या अळ्या खाणारे मासे घटल्याने मलेरियाची काळजी वाढली. 45 वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही स्थानिक मासे सावरलेले नव्हते.

त्यामुळे ‘दोन-चार मासे सोडल्याने काय होणार?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. नर-मादी मिळून अंडी आणि पिल्लं राखतात, म्हणून थोड्या माशांचीही वीण टिकते. आणि पवई ही बंद टाकी नाही. 1891 मध्ये पूर्ण झालेला हा तलाव पावसाळ्यात भरून वाहतो आणि ते पाणी मिठी नदीत उतरतं. अक्वेरियममध्ये मावेना झालेला मासा तलावात सोडणं म्हणजे त्याला जीवदान, असं मानणारे लोक मनाने चांगलेच असतात. पण ते जीवदान इतर माशांच्या जिवावर असतं. 2018च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापायमा आणि अ‍ॅलिगेटर गार सापडले, ते असेच पाळलेले परदेशी मासे होते. असा मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा.

‘मग देशी मासा सोडला तर चालेल ना?’ तेही नेहमी चालत नाही. आपल्या दख्खनचा महासीर, ‘टॉर खुद्री’, हा पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये जगापुढे आणला. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार झाली. ते काम मोलाचंच. पण ही जात कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडा महासीर आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. त्याच्या घसरणीमागे या पाहुण्या महासीरचाही हात असल्याचं अभ्यासक मानतात. मासा एकाच देशातला असून भागत नाही, तो त्या नदीचा असावा लागतो.

‘पकडून सोडला की मासा सुखरूप’ हा समजही अर्धाच खरा. कोरड्या हाताने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. हात आधी ओले करावेत, काट्याचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकावा, कल्ल्यांत बोट घालू नये, फोटोसाठी मासा पाण्याबाहेर धरून ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू आधीच कमी असतो, तेव्हा तर घाई करावीच.

तलाव सर्वांचा असला तरी वाटेल तिथे गळ टाकता येत नाही. पवईला गळाची मासेमारी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनमार्फत चालते, तिथे चौकशी करूनच जावं. पाण्यात मगरी आहेत, उथळ पाण्यातही उतरू नये.

आणि ती झडपच हवी असेल, तर आपली मरळ आहे. वनस्पतींच्या कडेला दबा धरून बसते, हवा घ्यायला वर येते, प्लॅस्टिकच्या बेडकावर तुटून पडते. पावसाळ्यात मात्र लालसर पिल्लांचा घोळका पृष्ठभागावर खळबळताना दिसला, तर तिथे गळ टाकू नये. राखण करणारी मरळ दहा मिनिटं जरी बाजूला झाली, तरी इतर मासे तेवढ्यात पिल्लं टिपून नेतात.