फळावरचे टाचणीएवढे छिद्र

पावसाळा अर्धा उलटला की रत्नागिरीच्या बाजारात घाटावरचा माल दिसू लागतो. जालन्याची मोसंबी, सांगोल्याचे डाळिंब आणि त्यामागोमाग नागपूर-अमरावतीची संत्री. हापूस केव्हाच संपलेला असतो आणि आमच्या फळविक्रेत्या बांधवांची रोजी पुढले काही महिने याच मालावर चालते. क्रेट उघडताना फळ चकचकीत दिसते आणि दोन-तीन दिवसांत त्यातलेच काही मऊ पडून कुजू लागते. मग विक्रेता दलालाला बोल लावतो, दलाल गाडीवाल्याला, आणि गाडीवाला आंबा घाटातल्या खड्ड्यांना! खरा गुन्हेगार यांच्यापैकी कुणीच नाही, असेही पुष्कळदा असते. तो बागेतच आपले काम उरकून गेलेला असतो.

हा गुन्हेगार म्हणजे फळांतला रस शोषणारा पतंग. आम्ही कापडाच्या धंद्यातले, फळांशी आमचा संबंध खाण्यापुरता. पण आमच्या दुकानाची उधारी फळवाल्यांच्या गल्ल्यातून वसूल होते. त्यांचा माल सडला की ईदच्या खरेदीचे पैसे आमच्याकडे उशिरा येतात. म्हणून या गोष्टीची जरा खोलात जाऊन चौकशी केली.

शास्त्रज्ञ या जातीला युडोसिमा म्हणतात. आपल्याकडे तिचे दोन-तीन प्रकार आढळतात. पतंग चांगला मोठा, पंख पसरले तर तळहात भरेल. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, त्यामुळे दिवसा झाडीत बसलेला ओळखू येत नाही. मागचे पंख मात्र नारिंगी-पिवळे आणि त्यांवर काळे डाग. इतर पतंगांची सोंड फुलातला मध पिण्यापुरती नाजूक असते. याची सोंड टणक, टोकाला करवतीसारखी काटेरी. मोसंबीची जाड सालही तो भोकसतो आणि आतला रस पितो. रस जातो थोडाच, पण त्या छिद्रातून बुरशी आत शिरते आणि दोन-चार दिवसांत फळ कुजते किंवा गळून पडते. नुकसान होते ते असे.

उर्दू शायरीतला परवाना शमेवर झेप घेऊन जळून जातो. हा परवाना त्या जातकुळीतला नव्हे. दिव्याच्या सापळ्यात तो फारसा येतच नाही. उलट पिवळ्या उजेडात त्याला दिवस असल्यासारखे वाटते आणि तो गप्प बसतो. जपानात याच कारणासाठी फळबागांत रात्रभर पिवळे दिवे लावतात. आपल्याकडची विजेची बिले पाहता हा उपाय लहान बागाईतदाराला कितपत परवडेल, हा प्रश्नच आहे.

सर्वात नवलाची गोष्ट पुढेच आहे. या पतंगाची अळी फळझाडावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर. गुळवेल म्हणजे आपल्या हकिमांची गिलो, जिच्यापासून सत-गिलो निघते, तीच. अंडी वेलीवर, अळी वेलीवर. महिना-सव्वा महिन्यात पतंग तयार होतो आणि अंधार पडला की शेजारच्या बागेत रस प्यायला येतो. म्हणून झाडावर कितीही औषध फवारले तरी अळी मरत नाही, कारण ती तिथे नसतेच. पतंग रात्री पाहुण्यासारखा येतो आणि पहाटेपूर्वी निघून जातो. काढणीला आलेल्या फळावर विष मारले तर ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच पोटात जाणार!

सन २०२० च्या कोरोना साथीत काढ्यासाठी गुळवेलीला एकदम मागणी आली आणि पुष्कळांनी परसात, कुंपणावर वेल लावली. औषध म्हणून तिची निंदा करण्याचे आम्हाला कारण नाही. पण जिथे पेरू, मोसंबी वा डाळिंबाची बाग आहे, तिथे बांधावरची गुळवेल ही या पतंगाची पाळणाघर आहे, हे मालकाने ध्यानात ठेवावे. प्रशांत महासागरातल्या बेटांवर हीच अळी पांगाऱ्यावरही वाढते. आपल्या कोकणात कुंपणाला पांगारा किती, हे सांगायला नको. पण आपल्या देशात तिचा भर वेलींवरच आहे.

हापूस मात्र या संकटातून बराच वाचतो. पतंगाचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर, तर हापूसचा हंगाम मृगाआधीच आटोपतो. शिवाय पतंगाला पिकलेले फळ लागते आणि आपण हापूस टणक असतानाच झेल्याने उतरवून आढीत पिकवतो. हापूसचा वैरी फळमाशी. तिच्यापायी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केले होते, ते २०१५ च्या सुरुवातीला उघडले. माशी आणि पतंग यांची गल्लत करू नये, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ही गल्लत खरेदीतही महाग पडते. फळावर टाचणीने टोचल्यासारखे गोल छिद्र असेल, भोवती साल फिकट वा तपकिरी झाली असेल आणि हलके दाबल्यावर छिद्रातून रस उडत असेल, तर ते काम पतंगाचे. कापून पाहिले तर आत अळी सापडत नाही, गर मात्र कोरडा, स्पंजासारखा. आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत असतील तर माशी. डाळिंबाला मोठे भोक असून बाहेर विष्ठा दिसत असेल तर ती सुरसा, म्हणजे फुलपाखराची अळी. संत्र्या-मोसंबीच्या आंबिया बहाराला पतंगाचा त्रास जास्त, कारण ते फळ पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस पिकते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारीनंतर येते, त्याला धोका कमी. भाव ठरवताना बहार कोणता, हे विचारण्यात संकोच कसला?

आमच्या ओळखीच्या एका हातगाडीवाल्याने मागच्या पावसाळ्यात वीस क्रेट मोसंबी रोखीने उचलली. चौथ्या दिवशी त्यातली पाच क्रेट उकिरड्यावर गेली आणि ज्याच्याकडून माल घेतला त्याने हात वर केले. तो म्हणाला, उघडून पाहून घेतलेस ना? कायद्याने कदाचित तो बरोबरही असेल. तिजारतीच्या दृष्टीने आम्हाला हे पटत नाही. छिद्र पडते बागेत, दिसते चौथ्या दिवशी, आणि तोटा सोसतो साखळीतला सर्वात गरीब माणूस. त्यापेक्षा प्रत्येक क्रेटमधली चार-पाच फळे सौद्याआधी दाबून पाहावीत, एक-दोन कापावीत आणि टोचलेल्या मालाची सूट तोंडी न ठेवता चिठ्ठीवर लिहून घ्यावी. जो दलाल एवढेही लिहून देत नाही, त्याच्याकडून पावसाळ्यात माल उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बागवाल्यांसाठी उपाय साधे आहेत, पण चिकाटीचे. बांधावरच्या वेली काढणे, गळलेली फळे रोज वेचून पुरणे (त्यांच्या वासानेच पतंग येतात), संध्याकाळी बागेत धूर करणे. गूळ, फळांचा रस आणि थोडे कीटकनाशक यांचे आमिष बाटलीतून झाडांना टांगतात. त्याचे प्रमाण कृषी अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावे आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आणि पिशव्या. आंब्याला अंड्याएवढे फळ झाल्यावर कागदी पिशवी घालण्याची शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाने केलेलीच आहे. पेरू-डाळिंबासाठी पातळ कापडाची पिशवीही चालते, मात्र ती सैल हवी. फळाला चिकटली तर सोंड कापडातूनही आत जाते. दर महिन्याला आमच्याकडे कटपीस साठतात, पावसाळ्यात शिलाईकाम मंदावते आणि मशीनवर बसणाऱ्या भगिनी रिकाम्या असतात. नाडीची एक पिशवी शिवायला फार वेळ लागत नाही, आणि धुऊन ती पुन्हा वापरता येते. पेरूच्या बागवाल्याने शंभर-दोनशे पिशव्यांची मागणी आधी नोंदवली, तर माप घेऊन शिवून देणारे कारागीर आपल्याच मोहल्ल्यात मिळतील.