सोलापूरच्या उन्हाळ्यात पग

२००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागेमागे जाणारे पग कुत्रे साऱ्या देशाने पाहिले आणि मूळचे चीनचे हे चपट्या तोंडाचे जनावर अनेकांना घरी हवेसे झाले. आहेच ते लोभस; पण आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हे आधी ध्यानात घ्या.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून ते धापा टाकते, तोंडातला ओलावा उडतो आणि अंग निवते. पगचे नाक आखूड, श्वासाची वाट अरुंद. त्याला हे नीट साधत नाही. म्हणून त्याला फिरवायचे ते पहाटे किंवा रात्री. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधा. लाडाने चारून लठ्ठ करू नका. तोंडावरच्या सुरकुत्या रोज पुसून कोरड्या ठेवा.

श्वास घरघरू लागला, जीभ जांभळी पडली, तोल गेला, तर वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मुक्या जिवाला ऊन सोसवेना झाले, हे आपणच ओळखायचे असते.