फिलिप्सचा कारखाना आणि त्याचीं माणसें

देशोदेशीं पसरलेली इलेक्ट्रॉनिक कंपनी म्हटली कीं डोळ्यांपुढें प्रथम यंत्रें येतात, मग प्रयोगशाळा, मग बाजारांतील चढाओढ. माणसें शेवटीं आठवतात. वास्तविक अशा कंपनीवर जीं संकटें कोसळतात, त्यांतील पुष्कळशीं माणसांच्या मांडणींतूनच उद्भवलेलीं असतात. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

गेरार्ड फिलिप्स या अभियंत्यानें वडील फ्रेडरिक यांच्या भांडवलावर १८९१ सालीं आइंडहोव्हन या लहानशा गांवीं विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. चार वर्षांनीं धाकटा भाऊ अँटन येऊन मिळाला. थोरला प्रयोगांत रमणारा, धाकटा गांवोगांव फिरून माल खपविणारा. ही जोडी जमली आणि कारखाना फोफावला. पुढें १९२७ मध्यें कंपनीनें रेडिओ-संच काढला आणि १९३२ पर्यंत असे दहा लक्ष संच विकले. मराठी घरांतही हें नांव रेडिओमुळेंच परिचित झालें.

परंतु एवढ्या कारखान्यास त्या लहानशा गांवांत हात कोठून मिळणार? आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलेंमुली पुरेनात, तेव्हां दूरच्या ड्रेंथ प्रांतांतून कुटुंबेंच्या कुटुंबें आणविण्यांत आलीं. त्यांच्यासाठीं वसाहती बांधल्या. त्यांतील एका वस्तीचें नांव आजही ‘ड्रेंथ गांव’ असेंच आहे. शाळा, दवाखाना, वाचनालय, खेळाचा संघ, सारें कंपनीनेंच पुरविलें. फिलिप्समध्यें चिकटलें कीं जन्माची ददात मिटली, अशी भावना तेथें रुजली. हा केवळ परोपकार नव्हता. शिकविलेला कसबी कामगार सोडून जाऊं नये, हा हिशेब त्यामागें होता. आणि हिशेब असला तरी तो कामगारांच्या हिताचाही होता, हें मान्य केलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानें या घडीस वेगळेंच वळण दिलें. १९४० मध्यें हॉलंड जर्मनांच्या ताब्यांत गेला. परदेशांतील शाखांना मुख्य कचेरीची आज्ञा घेणें अशक्य झालें व त्या आपापल्या पायांवर उभ्या राहिल्या. युद्ध संपलें तरी ही सवय सुटली नाहीं. निरनिराळ्या देशांतील शाखाप्रमुख लहानसे संस्थानिकच बनले. कंपनीचे होतकरू अधिकारी वर्षानुवर्षें परदेशीं राहत. तेथील बाजार त्यांना हाताच्या रेषांसारखा ठाऊक असे आणि त्यांची निष्ठाही तेथेंच जडे. कांहीं काळ हा गुणच होता, कारण स्थानिक गिऱ्हाइकाची आवड ओळखून माल काढतां येई.

तोच गुण पुढें कसा अंगावर आला, तें १९७९ च्या प्रसंगावरून दिसतें. त्या वर्षीं फिलिप्सनें ‘व्हिडिओ २०००’ ही चित्रफितीची नवी पद्धत बाजारांत आणली. यंत्र चांगलें होतें. पण फिलिप्सच्याच अमेरिकन शाखेनें तें विकण्यास नकार दिला, आणि जपानमधील मात्सुशिता कंपनीची व्ही. एच. एस. यंत्रें आपल्या नांवाखालीं खपविलीं! मुख्य कचेरीला हात चोळीत बसावें लागलें. हा दोष कोणा तंत्रज्ञाचा नव्हता. कोणत्या अधिकाऱ्यास कोठें व किती वर्षें ठेवावें, त्याची बढती कोणाच्या हातीं असावी, एका देशांतून दुसऱ्या देशांत त्याला केव्हां हलवावें, या प्रश्नांकडें वेळीं लक्ष दिलें गेलें नाहीं, त्याचें हें फळ होतें. आज ज्याला मनुष्यबळ-विभाग म्हणतात त्याचें खरें काम हेंच. पगारपत्रकें लिहिणें हा त्याचा अगदीं किरकोळ भाग.

दरम्यान जपानी माल स्वस्त येऊं लागला होता, आणि फिलिप्सचा पसारा मात्र अवाढव्य होता. १९७४ च्या सुमारास जगभर चार लक्षांहून अधिक माणसें या कंपनीच्या चाकरींत होतीं. शेवटीं शंभरावा वाढदिवस एका वर्षावर आला असतां, १९९० सालीं, चार अब्ज गिल्डरांहून अधिक तोटा झाला. नवे अध्यक्ष यान टिमर यांनीं वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बोलावलें आणि त्यांच्या हातीं एक पत्रक ठेवलें. फिलिप्सचें दिवाळें निघालें, असें त्यांत छापलेलें होतें. पत्रक बनावट होतें, परंतु धोका बनावट नव्हता. त्यानंतर चाळीस हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचें ठरलें.

येथें मनुष्यबळ-विभागाची खरी कसोटी लागली. नोकराचे मालकाशीं दोन करार असतात. एक कागदावरचा, त्यांत वेतन, रजा, निवृत्तिवेतन हें सारें येतें. दुसरा कोठेंच लिहिलेला नसतो: “मी इमानानें राबेन, तुम्ही मला अंतर देणार नाहीं.” पहिला करार नुकसानभरपाई देऊन मोडतां येतो. डच कायद्याप्रमाणें मोठ्या फेरबदलापूर्वीं कामगार-प्रतिनिधींच्या मंडळाचा सल्ला घ्यावाच लागतो, त्यामुळें त्यांत थोडीफार रीतही राहते. दुसरा करार मात्र मोडल्याचें कोणी सांगतसुद्धां नाहीं. ज्या गांवानें तीन पिढ्या कंपनीच्या घरांत काढल्या, तेथें ही जखम किती खोल गेली असेल याची कल्पना करावी. मागें राहिलेल्यांचाही विश्वास डळमळतो, आणि डळमळलेल्या मनानें नवे शोध लागत नाहींत. कपात अटळ असेलही. पण ती इतकी मोठी करावी लागणें, हेंच आधींच्या वीस वर्षांच्या ढिलाईचें लक्षण होय.

पुढें कंपनीनें एकेक अंग तोडून टाकलें. अर्धवाहकांचा धंदा २००६ मध्यें वेगळा झाला, आणि ज्या दिव्यांपासून आरंभ झाला तेही २०१६ मध्यें वेगळ्या कंपनीकडे गेले. वैद्यकीय उपकरणें हा मुख्य व्यवसाय राहिला. तेथेंही २०२१ मध्यें श्वसनयंत्रांतील सदोष फेसामुळें लक्षावधि यंत्रें परत मागवावीं लागलीं आणि त्यापाठोपाठ, २०२२ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत, दहा हजार नोकऱ्यांवर गदा आल्याचें जाहीर झालें.

एक गोष्ट राहिली. १९८४ सालीं फिलिप्सनें दुसऱ्या एका डच कंपनीशीं भागी करून, अर्धवाहकांवर सूक्ष्म आकृति उमटविणारीं यंत्रें करण्यासाठीं एक छोटी कंपनी काढली. तिच्या वांट्यास फिलिप्सच्या इमारतीशेजारील गळकी लांकडी बराक आली. फिलिप्समधील सुरक्षित जागा सोडून तेथें जावयास अनेकजण नाखूष होते. ए. एस. एम. एल. या नांवाची ती कंपनी आज मूळ फिलिप्सहून कितीतरी पटींनीं मोलाची ठरली आहे. फिलिप्सनें आपला हिस्सा केव्हांच विकून टाकला.