पिकअपवरचा बेस

बोलेरो पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब. एरवी त्यात कांदा जातो, सिमेंट जातं. छत्रपती संभाजीनगरात लग्नसराई लागली किंवा शिवजयंती, भीमजयंती, गणपती जवळ आले, की त्याच हौद्यात अठरा इंची स्पीकरची भिंत उभी राहते. खाली खालच्या सुरांचे बेस, वर उंच सुरांचे टॉप, केबिनला लागून अँपचा रॅक आणि मागे जनरेटरची वेगळी गाडी. ‘चार बेस चार टॉप’ एवढं म्हटलं की सुपारी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

या गाड्यांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक तक्रारीच्या सुरात. तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण ही गाडी बनते कशी, हे आधी नीट पाहायला हवं. कारण हा आवाज आवरायचा झाला तर तो कोणाला जमेल, याचं उत्तर ती बनवणाऱ्याच्या हातात आहे.

हे काम या शहरात रुजलं यात नवल नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागेपुढे सुटे भाग करणाऱ्या लहान शेड उभ्या राहिल्या. वेल्डिंग, पत्रा वाकवणं, पावडर कोटिंग, वायरिंग या सगळ्याला इथे माणूस मिळतो. पिकअपला अँगलचा सांगाडा मारायचा, त्यावर रॅक बसवायचा, हादऱ्याने नट सुटू नयेत म्हणून रबराच्या चकत्या घालायच्या, हे आयटीआय झालेल्या पोराला नवीन नसतं. नवीन असतो तो बॉक्स.

बॉक्स म्हणजे स्पीकरचं कॅबिनेट, आणि बेसचा सगळा जीव त्यात असतो. नवखा माणूस स्पीकरच्या वॅटवर पैसे घालतो, जुना कारागीर प्लायवर. अठरा मिलिमीटरचा चांगला प्लाय, सांध्याला भरपूर फेव्हिकॉल, चार-पाच इंचांवर एकेक स्क्रू, आणि आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचा आधार. पट्ट्या नसतील तर बॉक्सच्या भिंती थरथरतात, आणि जी ताकद हवेत जायची ती लाकूड हलवण्यात संपते. बॉक्स तयार झाला की कारागीर एकच सूर त्यातून सोडतो, खालून हळूहळू वर नेतो आणि तळवा भिंतीवर टेकवून फिरवतो. कुठे गुदगुल्या झाल्या तर तिथे आणखी एक पट्टी लागते. कुठे फुस्स ऐकू आलं तर सांधा हवा सोडतोय. ही तपासणी दहा मिनिटांची असते, पण ती केलेला आणि न केलेला बॉक्स मिरवणुकीत लांबूनही वेगळा ओळखू येतो.

समोर जी फट ठेवलेली असते तिला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो; पोर्टचं काम तसंच. आतली हवा आणि पोर्टची लांबी-रुंदी यांवरून बॉक्स कोणत्या सुराला बोलणार ते ठरतं. या कामासाठी तो चाळीस हर्ट्झच्या आसपास धरतात. त्याखाली गेलं की पोर्ट साथ सोडतो, कोनवरचा, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरचा, ताबा जातो आणि त्याला जोडलेली कॉइल मागे आपटते. हे गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉलने ते पूर्ण केलं. आज त्यांच्या नावाचे आकडे स्पीकरच्या कागदावर छापून येतात. तो कागद बाजूला ठेवून शेजारच्याच्या बॉक्सचं माप उतरवून घ्यायची सवय इथे आहे आणि ती वाईट आहे. माप त्याच्या स्पीकरचं असतं, आपल्या नव्हे.

बेस महाग का, याचं उत्तर हवेत आहे. तेवढाच आवाज ऐंशी हर्ट्झऐवजी चाळीस हर्ट्झवर काढायचा तर कोनला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. म्हणून मोठे कोन, म्हणून जास्त कोन. चाळीस हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते, म्हणजे पिकअपच्या हौद्याच्या तिप्पट. एवढ्या लांब लाटेला दोन-तीन फुटांवरचे दोन बॉक्स वेगळे दिसतच नाहीत, ते एकच होतात. एकाला दुसरा जोडला की सहा डेसिबल मिळतात: तीन दुप्पट ताकदीचे, तीन नुसत्या शेजाराचे. म्हणून बेस एकमेकांना चिकटून रचतात. पण त्यातल्या एकाची वायर उलटी लागली की तो शेजाऱ्याचा आवाज खातो. सेटअप मोठा आणि दणका नाही, अशी तक्रार आली की अनुभवी ऑपरेटर आधी वायरीच तपासतो.

ताकदीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अँपमधून स्पीकरला गेलेल्या शंभर वॅटपैकी चार-पाच वॅटचा आवाज झाला तरी पुष्कळ. बाकी सगळी उष्णता, आणि ती कॉइलच्या तांब्यात. अँप त्याच्या ताकदीपलीकडे ओढला की लाटेचे शेंडे कापले जातात, कोन हलण्याऐवजी कॉइल तापते आणि शेवटी जळका वास येतो. वायरचंही तसंच. अडीच चौरस मिलिमीटरची वीस मीटर तांब्याची वायर दोन ओहमच्या भाराला जोडली तर जवळपास बारा टक्के ताकद वायरीतच जाते. तीच वायर तीन मीटरची केली तर दोन टक्के. रॅक बेसच्या शेजारी असतो तो यासाठी.

वाहनावर आवाज चढवण्याची हौस एकट्या आपली नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात १९५०च्या कार्निव्हलला दोदो आणि ओस्मार या दोघांनी १९२९च्या जुन्या फोर्ड गाडीवर लाऊडस्पीकर बांधून तारवाद्यं वाजवली. पुढच्याच वर्षी ते पिकअपवर गेले, आणि आज तिथे त्याचे अवाढव्य ट्रक झाले आहेत. रस्त्यावर नाचणाऱ्या माणसाला संगीत अंगावर यायला हवं असतं. हलगी, संबळ, ताशा, मग बँड, मग बेंजो, हा आपल्याकडचा क्रम त्याच गरजेतून आला. वरातीत बेस छातीत वाजतो तेव्हा लाजरी माणसंही नाचू लागतात. हा आनंद मला खरा वाटतो.

आणि नेमक्या त्याच गुणामुळे त्रास होतो. टॉपचा आवाज खिडकी लावली की बराच अडतो, बेस भिंतीतून आत येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षातले ठरवून दिलेले मोजके दिवस सोडून. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. २०१८च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरच्या बंदीविरुद्ध ‘पाला’ ही व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा विसर्जनाआधी दिलासा मिळाला नाही.

पण या नियमांत एक मोठी फट आहे. त्यातले डेसिबल ‘ए’ मोजपट्टीवरचे आहेत. माणसाच्या कानाला हळू आवाजात जसं ऐकू येतं तशी ही पट्टी बनवलेली, त्यामुळे ती खालचे सूर जवळजवळ मोजतच नाही. पन्नास हर्ट्झला ती तीस डेसिबल वजा करते, चाळीसला पस्तीसच्या आसपास. म्हणजे घराची तावदानं थरथरत असताना पोलिसाच्या हातातलं मीटर बेसचा फार थोडा भाग दाखवत असतं. शहरातल्या भडकल दरवाजापाशी मिरवणूक वाजत असेल, तर घाटी रुग्णालय तिथून फार लांब नाही. तिथल्या खाटेवरच्या रुग्णाला मीटरवरच्या आकड्याचा काय उपयोग? हा आकडा पाळला म्हणून जबाबदारी संपते, असं या धंद्यातल्या कोणी मानू नये.

त्याहून जवळचा धोका गाडीवरच्या पोरांना आहे. ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा कामगारांच्या कानांसाठी मानला जाणारा हिशेब आहे. त्याप्रमाणे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणूक चालते पाच-सहा तास. कानातले बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, पण हेल्परच्या कानात क्वचितच दिसतात.

उपाय याच कारागिरीत आहे. बेस गाडीच्या मागे, नाचणाऱ्यांकडे तोंड करून असतात, पण खालचा सूर दिशा पाळत नाही. तो केबिनमधल्या ड्रायव्हरकडे तेवढाच जातो. तीन बॉक्सच्या चळतीतला एक उलटा फिरवायचा, त्याची फेज उलटी करायची आणि त्याला प्रोसेसरमधून, म्हणजे अँपच्या आधी आवाज घडवणाऱ्या यंत्रातून, काही मिलिसेकंद उशीर द्यायचा, की केबिनच्या बाजूचा बेस दहा-पंधरा डेसिबलने उतरतो. मोठ्या मैफलींच्या मांडणीत हे नेहमी करतात. पिकअपवर करायला नवीन सामान लागत नाही, अर्धा दिवस आणि मोजायचा माइक लागतो. दोन्ही बाजूंच्या घरांना मात्र याने फारसा फरक पडत नाही. गुलमंडीसारख्या ठिकाणी, जिथे भिंती जवळ आहेत, तिथे आवाजच कमी करावा लागतो.

त्यासाठी प्रोसेसरमध्ये लिमिटर असतो. ठरलेल्या मर्यादेपुढे तो आवाज जाऊ देत नाही, कॉइल वाचवायला बसवलेला हा भाग कानही वाचवू शकतो. अडचण मंडळाच्या पोरांची असते. “भाऊ, अजून जरा वाढव ना,” असं चौकाचौकात कोणी ना कोणी येऊन म्हणतं, आणि सुपारी त्यांचीच असल्याने ऑपरेटरला नाही म्हणणं जड जातं. म्हणून शहाणा गाडीमालक निघण्याआधी शेडमध्येच मर्यादा लावतो, प्रोसेसरला पासवर्ड टाकतो आणि तो ऑपरेटरलाही सांगत नाही.