इंजिन आधी की रूळ?

खेळातली आगगाडी घ्यायची ठरली की घरातले सगळे आधी इंजिनावर खूश होतात. रुळांकडे कुणी पाहतच नाही. मग महिन्याभरात गाडी घसरू लागते, मध्येच थांबते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो! म्हणून पैसे मोजण्यापूर्वी रुळांचा विचार करा.

जागा किती?

जबलपूरच्या ओमतीसारख्या दाट वस्तीत गाडीसाठी वेगळी खोली कुणाला परवडणार? तेव्हा आधी घर मोजा. 'एचओ' हे प्रमाण १:८७ चे, त्यात दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. वळणाची त्रिज्या १८ इंच धरली, तरी फेरा पूर्ण व्हायला सव्वातीन फूट रुंदी हवी. प्लायवूडचा ८ बाय ४ फुटी तक्ता त्याला पुरतो. 'एन' प्रमाण १:१६० चे, रूळ ९ मिलिमीटर अंतराचे. दोन फूट रुंद फळीवरही ही गाडी फिरते. मात्र इतके बारीक डबे रुळांवर बसवणे लहान हातांना जड जाते.

कोणते रूळ?

रोज मांडून रोज उचलायचे असतील, तर खाली खडीसारखा प्लास्टिकचा पाया असलेले तुकडे घ्या. ते खटकन जुळतात आणि फरशीवर धूळही कमी खातात. तक्ता कायम ठेवता येणार असेल, तर बिनपायाचे तुकडे खिळ्यांनी ठोकावेत. हवे तसे वाकणारे, सुमारे एक वार लांबीचे रूळ दिसायला सुरेख; पण कापणे, जोडणे यांचा सराव झाल्यावरच त्यांच्या वाटेला जा.

एक पथ्य पाळा. पायावाल्या रुळांचे सांधे प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, त्यामुळे एकाच कंपनीचे घ्या. परदेशातल्या नातेवाइकांनी जर्मन मार्कलिनचा एचओ संच पाठवला, तर त्याचे रूळही त्याच पद्धतीचे हवेत. त्या गाड्या रुळांच्या मधोमध असलेल्या बिंदूंतून वीज घेतात.

धातू पाहा

लोखंडी रूळ स्वस्त, पण पावसाळ्यात गंजतात. पितळी रूळ लवकर काळवंडतात आणि वीज अडते. निकेल सिल्व्हर, म्हणजे आपले जर्मन सिल्व्हर, सर्वांत बरे. त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते. रूळ मऊ कापडाने पुसा, सॅन्डपेपर टाळा. उन्हाळ्यात धातू वाढतो, म्हणून ठोकलेल्या रुळांच्या सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा.

पुढचा टप्पा पाहायचा असेल, तर सुटीत पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना दाखवा.

जबलपूरकरांसाठी आणखी एक गंमत. हाऊबागहून नैनपूरमार्गे गोंदियाकडे जाणारी नॅरोगेज ७६२ मिलिमीटरची होती. जबलपूर-नैनपूर भागात ती २०१५ मध्ये बंद झाली. ७६२ ला ८७ ने भागा. उत्तर येते पावणेनऊच्या आसपास! म्हणजे एचओ प्रमाणातली ती छोटी गाडी ९ मिलिमीटरच्या रुळांवर धावू शकते. डबे पुठ्ठ्याचे करा आणि कोणत्या स्टेशनानंतर कोणते, हे आजी-आजोबांना विचारा. ज्यांनी गोंदियाच्या माहेरासाठी ती गाडी पकडली, त्यांना ते नक्की आठवेल.