कचेरीबाहेरची बशी
१९०६ साली ओकाकुरा काकुझो यांनी जपानी चहाविधीवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच साली सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. या दोन घटनांचा परस्परसंबंध अर्थातच काही नाही, परंतु जळगाव वा धुळ्याच्या कचेरीबाहेर, दस्तऐवजांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला पक्षकार चहा कसा पितो हे ज्याने न्याहाळले आहे, त्याला तो विधी फारसा परका वाटणार नाही.

आले ठेचून, गवती चहाची पात मोडून, साखर सढळ हाताने घालून उकळलेला चहा तो बशीत ओततो, म्हणजे पृष्ठभाग विस्तारून उष्णता त्वरित निघून जाते. मग बशी बोटांवर तोलून, फुंकर मारीत, एकेक घोट घेतो. भरली बशी हाती असता मनुष्याला ना कागद उलटता येतो, ना लगबगीने उठता येते, आणि माझ्या मते तिचे खरे माहात्म्य यातच आहे. कागदी पेल्याने ही सक्ती उठवली.

वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकला तरी हा क्रम चुकत नाही. घामाने अंग निवते, हे समर्थन तयारच असते. आणि हवा कोरडी असून घाम सहज वाळत असेल, तर शास्त्रही त्याला पुष्टी देते. वकिलांच्या कारकुनाने हाक मारली, तरी ‘उनू भाऊ’ म्हणत तो उरलेली बशी संपवूनच उठतो.