कळंब : कारभार अनेकांचा, गाव एक

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव या दोन मोठ्या बाजारपेठांच्या मध्ये कळंब हे गाव आहे. कदंब वृक्षाला मराठीत कळंब म्हणतात आणि या नावाची गावे राज्यात अनेक आहेत. धाराशिव व यवतमाळ जिल्ह्यांत तर कळंब नावाचे तालुके आहेत. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात आणखी एक कळंब आहे. येथे विचार आहे तो आंबेगाव तालुक्यातील, घोड नदीकाठच्या कळंबचा.

घोड नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत पुढे भीमेला मिळते. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकर-आहुपे परिसरात मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे मात्र तो झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे कळंबसारख्या मधल्या पट्ट्यातील बागायत आपल्या शिवारातील पावसापेक्षा वरच्या धरणावर अधिक अवलंबून असते. हे धरण म्हणजे डिंभे. त्याच्या जलाशयाला याच परिसरातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र, १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मालमोटार अडवताना हुतात्मा झालेले बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले, ते मूळ गाव याच जलाशयात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो.

डिंभे हे कुकडी प्रकल्पातील एक धरण. त्याचे पाणी केवळ आंबेगावचे नाही. डाव्या कालव्याने ते जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणाकडे जाते आणि प्रकल्पाच्या कालव्यांतून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा या दुष्काळी तालुक्यांनाही वाटा द्यावा लागतो. आवर्तन केव्हा आणि किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीत ठरते. नदी गावाजवळून वाहत असली तरी तिच्या पाण्याचा निर्णय गावात होत नाही.

हीच गोष्ट इतर बाबतींतही दिसते. गावाजवळून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६०. त्याचे रुंदीकरण, वळणरस्ते, पूल हे सारे केंद्राच्या अखत्यारीत. सातबाऱ्याची नोंद महसूल खात्याकडे. उसात बिबट्या दिसला तर धाव घ्यायची ती जुन्नर वन विभागाकडे. विधानसभेसाठी मतदान आंबेगाव मतदारसंघात, तर लोकसभेसाठी शिरूरमध्ये.

मग ग्रामपंचायतीच्या हाती उरते काय? पिण्याचे पाणी, गटारे, अंतर्गत रस्ते, दिवाबत्ती, कचरा, स्मशानभूमी आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी. दिसायला यादी साधी आहे. पण रोजचे जगणे याच गोष्टींवर चालते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार लोकसंख्येच्या प्रमाणात ७ ते १७ सदस्य निवडले जातात. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. दप्तर सांभाळणाऱ्या ग्रामसेवकाचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे.

उत्पन्नाची खरी अडचण येथेच आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी ही पंचायतीची हक्काची साधने. परंतु वसुली करायची ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनच, म्हणून हात आखडतो. महामार्गालगत दुकाने, हॉटेले, गोदामे वाढली की पाण्याची मागणी आणि कचरा वाढतो. टोलचा पैसा मात्र पंचायतीकडे येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिली. त्यामुळे गावाला आपल्या मर्जीने खर्च करता येणारा हिस्सा मर्यादितच राहिला. शेजारच्या मंचरने ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे वाटचाल केली. महामार्गावरील इतर वाढत्या गावांपुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. अशा काळात ग्रामीण मतदाराला गाठता येणारी निवडून आलेली स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत. तिच्याहूनही मोठा अधिकार ग्रामसभेचा. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती गणपूर्तीला पुरते. लाभार्थींची निवड, विकास आराखडा, जमाखर्च हे सारे तिच्यापुढे ठेवावे लागते.

धरणाचे दार कळंबच्या ग्रामसभेला उघडता येत नाही, की महामार्गाची आखणी बदलता येत नाही. पण वळणरस्त्याखालून ओढ्याचे पाणी कोठून जाणार, शेताकडची वाट कोठे तुटणार, शाळेतील मुलांनी रस्ता कोठून ओलांडायचा, हे वेळीच ठरावात नोंदवणे तिच्या हाती आहे. वरच्या कार्यालयांत तोंडी तक्रार विरून जाते; ठराव दप्तरात राहतो आणि त्याचे उत्तर मागता येते. त्यासाठी आधी गणपूर्तीचे १०० जण सभेला आले पाहिजेत.